चार गुरू, चार तऱ्हा

तालमीत उतरणाऱ्या पोराला वस्ताद हवा आणि शाळेत जाणाऱ्याला मास्तर हवा, हे आपण सगळेच मानतो. पण तो वस्ताद कसा असावा, यावर गावच्या पारावर एकमत झालेले कधी कोणी ऐकले आहे काय? एकजण म्हणतो, धाक हवा; धाकाशिवाय पोर वळणावर येत नाही. दुसरा म्हणतो, धाकाने पोर बुजते. त्याला समजावून सांगा. तिसरा म्हणतो, आधी माया लावा, मग काय हवे ते सांगा. वाद रंगतो, चहा होतो, आणि मंडळी घरोघर जातात.

हाच वाद अमेरिकेत एका खेळाच्या निमित्ताने शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. तो खेळ म्हणजे बास्केटबॉल. तिकडे विद्यापीठांचे संघ असतात, आणि त्यांचे सामने लोक आपल्याकडच्या क्रिकेटच्या सामन्यांइतक्याच हौसेने पाहतात. संघ तयार करणारा जो शिक्षक, त्याला कोच म्हणतात. या कोचाची अडचण मोठी चमत्कारिक असते. त्याच्या हाताखाली येणारी मुले अठरा-वीस वर्षांची. ती थोडीच वर्षे राहतात आणि निघून जातात. म्हणजे घडा घडवून होतो न होतो तोच तो चाकावरून उतरवायचा आणि नवी माती घ्यायची. शाळामास्तरांना हे दुःख निराळे सांगायला नको! अशा चार नामांकित गुरूंची हकीकत आज आपण पाहू. चौघांचीही तऱ्हा वेगळी होती, आणि चौघांनीही मोठमोठे विजय मिळविले. म्हणूनच नुसत्या विजयावरून गुरूची परीक्षा करता येते का, हा प्रश्न येथे उभा राहतो.

प्रथम खेळाचे मूळ सांगतो. १८९१ सालच्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या स्प्रिंगफील्ड गावी, जेम्स नेस्मिथ नावाचा एक तरुण शिक्षक वाय. एम. सी. ए. च्या शाळेत व्यायाम शिकवीत होता. बाहेर कडाक्याची थंडी. मुले आत कोंडलेली आणि कवायतीला कंटाळलेली. नेस्मिथने फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, एक फुटबॉल घेतला, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन गट पाडून खेळ सुरू केला. पुढे वाय. एम. सी. ए. च्याच शिक्षकांनी तो देशोदेशी नेला. आपल्याकडे १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासेला शारीरिक शिक्षणाचे जे विद्यालय काढले, तेही याच संस्थेचे.

१८९८ साली नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने काही वर्षे संघही सांभाळला. मौज अशी की, ज्याने खेळ शोधला त्याच्याच संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक भरले! पण त्याला त्याचे वैषम्य वाटले नाही. हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असे त्याचे मत. मुलांचे शरीर आणि शील बनले की त्याचे काम झाले. त्याचाच विद्यार्थी फॉग ॲलन याला मात्र हे पटेना. खेळ शिकवता येतो, आणि नीट शिकवला तर जिंकताही येतो, असे म्हणून त्याने कॅन्ससमध्ये १९५६ पर्यंत शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रवेश झाला, त्यात ॲलनचा मोठा वाटा होता. आणि आपला खेळ तेथे पाहायला म्हातारा नेस्मिथ स्वतः हजर होता. म्हणजे पाहा, गुरू आणि शिष्य यांच्यातच पहिला मतभेद झाला. पुढचे सारे कोच या दोन मतांच्या मध्ये कोठे ना कोठे उभे आहेत.

आता पहिले गुरू, जॉन वुडन. जन्म १९१०, इंडियाना प्रांतात, एका शेतकऱ्याच्या घरी. घरात सुखसोयी नव्हत्या, आणि पुढे वडिलांच्या हातून शेतही गेले. पण वडिलांनी कुरकुर केली नाही, कोणाला दोष दिला नाही. दुसऱ्यापेक्षा वरचढ होण्याच्या खटपटीत पडू नकोस, पण तुला स्वतःला जितके चांगले होता येईल तितके होण्यात कसूर करू नकोस, अशी त्यांची मुलाला शिकवण होती. वुडन खेळाडू म्हणून नावाजले, मग शाळेत इंग्रजीचे शिक्षक झाले. आयुष्यभर ते स्वतःला शिक्षकच म्हणवीत.

१९४७ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते तेव्हा इंडियानातल्या शिक्षक महाविद्यालयाचा संघ सांभाळीत होते. संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. पण काळ्या वर्णाच्या खेळाडूंना त्या स्पर्धेत मज्जाव होता, आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा असा एक मुलगा होता. तो काही संघातला पहिल्या फळीचा खेळाडू नव्हता. त्याला घरी ठेवून बाकीच्यांना नेता आले असते. वुडन यांनी आमंत्रणच नाकारले. दुसऱ्या वर्षी, १९४८ साली, तो नियम उठला. वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला, आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी वुडन लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तेथे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळायला १९६४ साल उजाडले. सोळा हंगाम! इतकी वर्षे वाट पाहणारी माणसे आज कोठे मिळतील? पण एकदा मिळाले ते मिळतच गेले. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, आणि मध्ये ओळीने ८८ सामने अपराजित.

त्यांची शिकवण्याची रीत काय होती? हंगामाच्या पहिल्या दिवशी ते देशभरातून निवडून आलेल्या या धिप्पाड पोरांना पायमोजे कसे घालायचे ते शिकवीत. मोज्याला चुणी राहिली तर फोड येतो. फोड आला तर सराव बुडतो. सराव बुडला तर सामना जातो. रोजचा सराव किती मिनिटे कशाचा, हे ते सकाळी सहायकांबरोबर बसून ठरवीत आणि छोट्या पत्त्यावर लिहून खिशात ठेवीत. सरावाला उशिरा यायचे नाही, तोंडातून शिवी काढायची नाही, सोबत्याला नावे ठेवायची नाहीत, हे त्यांचे तीन नियम. बिल वॉल्टन नावाचा त्यांचा एक फार मोठा खेळाडू होता. एकदा तो केस वाढवून आला आणि केस कसे ठेवावेत हे सांगण्याचा तुम्हाला अधिकार नाही, असे म्हणाला. वुडन शांतपणे उत्तरले, की खरे आहे, तो अधिकार मला नाही; पण संघात कोणाला घ्यायचे तो आहे, आणि तू नसलास तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखे होईल. वॉल्टन सायकलीवर बसला आणि थेट न्हाव्याकडे गेला.

शिक्षक मंडळींनी आता कान द्यावेत. १९७४-७५ च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी वुडन यांच्या पंधरा सरावांना बसून त्यांचे प्रत्येक बोलणे टिपून घेतले. एकंदर २३२६ नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी किती होती म्हणाल? शंभरात सुमारे सात. नुसते रागावणेही जवळजवळ तितकेच. आणि सुमारे तीन चतुर्थांश बोलण्यात माहिती होती: हे असे कर, असे का करायचे, तुझे येथे चुकले, बरोबर ते असे. म्हणजे हा गुरू ना गोंजारीत होता, ना दटावीत होता. तो शिकवीत होता!

मात्र वुडन यांचेही चित्र अगदी निष्कलंक नाही. त्यांच्या काळात विद्यापीठाचा एक धनिक चाहता खेळाडूंना नियमाबाहेर मदत करी, हे पुढे वर्तमानपत्राने बाहेर काढले. वुडन यांचा त्यात हात होता असे कोणी म्हणत नाही. पण त्यांनी अधिक बारकाईने पाहायला हवे होते, असे म्हणणारे आहेत. मोज्याची चुणी पाहणाऱ्या नजरेतून हे कसे सुटले, हा प्रश्न राहतोच.

दुसरे गुरू बॉब नाइट. हे ओहायो प्रांतातले, जन्म १९४० चा. १९६५ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचे मुख्य कोच झाले. पुढे १९७१ ते २००० पर्यंत इंडियाना विद्यापीठात होते. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन अजिंक्यपदे त्यांनी मिळविली. त्यांपैकी १९७६ चा संघ पूर्ण हंगामात एकही सामना हरला नाही: ३२ सामने, ३२ विजय. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाला त्यांनी सुवर्णपदक मिळवून दिले.

या गृहस्थांचे डोके खेळात विलक्षण चाले. बचाव कसा करावा, चेंडू हातात नसलेल्या खेळाडूने कोठे धावावे, हे त्यांच्याकडून शिकायला दुसरे कोच येत. पैशाच्या बाबतीत ते स्वच्छ होते. खेळाडू मिळविण्यासाठी त्यांनी वाकडी वाट धरली नाही. मुलांनी वर्गात बसलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी पैसा गोळा करून दिला. १९८१ साली त्यांचा एक खेळाडू मोटारीच्या अपघातात लुळा पडला, तेव्हा त्याच्यासाठी निधी उभारायला हेच पुढे झाले.

मग बिघडले कोठे? बिघडले रागात. त्यांचा राग म्हणजे वळवाचा पाऊस. कधी येईल आणि काय वाहून नेईल, सांगता येत नसे. १९७९ साली प्यूर्टो रिकोत सरावाच्या जागेवरून त्यांची एका पोलिसाशी झटापट झाली. १९८५ च्या फेब्रुवारीत पंचाच्या निर्णयावर चिडून त्यांनी भर सामन्यात एक खुर्ची मैदानावर भिरकावली. ते दृश्य अमेरिकेत घरोघर पाहिले गेले. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. संघ जिंकत होता ना! पण २००० साली एका जुन्या सरावाचे चित्रण बाहेर आले. १९९७ साली त्यांनी एका खेळाडूच्या गळ्याला हात घातलेला त्यात दिसत होता. विद्यापीठाने बजावले, की यापुढे एकही आगळीक खपवून घेतली जाणार नाही. चारच महिन्यांत एका विद्यार्थ्याचा दंड धरून त्याला बोलल्याची तक्रार आली, आणि १० सप्टेंबर २००० रोजी त्यांना काढून टाकण्यात आले. २९ वर्षांची नोकरी अशी संपली.

त्यांच्या कितीतरी शिष्यांनी अखेरपर्यंत त्यांची बाजू घेतली, आम्हाला माणूस त्यांनीच केले असे सांगितले. ते खोटे म्हणता येत नाही. पण काही मुले मधेच संघ सोडून गेली, तेही खरेच. धाकाखाली जे टिकतात ते धाकाचे गुण गातात. जे मोडतात त्यांचा हिशेब कोठेच मांडला जात नाही. नाइट पुढे टेक्सासमध्ये गेले आणि २००८ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ९०२ विजय होते. हा विक्रम २०११ साली मोडला तो त्यांच्याच शिष्याने. त्यांचे नाव माइक शेशेफ्स्की. वेस्ट पॉइंटला ते नाइट यांच्या हाताखाली खेळले होते. शिष्याने गुरूची बचावाची विद्या घेतली, राग मात्र घेतला नाही. संघ म्हणजे हाताची पाच बोटे. सुटी असली तर काही नाही, वळली तर मूठ, असे ते सांगत. ड्यूक विद्यापीठात पहिल्या तीन वर्षांत त्यांचे पराभवच अधिक झाले; तरी विद्यापीठाने त्यांना ठेवले, आणि पुढे पाच अजिंक्यपदे मिळाली.

तिसऱ्या गुरू एक बाई आहेत, पॅट समिट. जन्म १९५२, टेनेसी प्रांतात, पुन्हा शेतकऱ्याच्याच घरी. गवत कापणे, तंबाखूच्या शेतात राबणे, गुरे सांभाळणे, ही कामे भावांच्या बरोबरीने करून त्या वाढल्या. जवळच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलविले. मुलीच्या खेळासाठी घर हलविणारा शेतकरी! तो काळ मुलींच्या खेळाला कोणी विचारीत नव्हते असा होता. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये. त्यानंतर दोनच वर्षांनी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, पॅट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या मुख्य कोच झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवीत आणि खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत.

त्यांची शिस्त कडक होती, आणि त्यांची रोखलेली नजर तर सगळ्या देशात प्रसिद्ध होती. मुलींनी वर्ग चुकवायचा नाही, आणि वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसायचे, हा त्यांचा दंडक. पण जे मुलींना सांगायचे त्यापेक्षा अधिक स्वतः राबायचे, ही शेतावरची सवय त्यांनी सोडली नाही. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः खेळल्या आणि रौप्यपदक मिळविले. १९८४ साली, म्हणजे नाइट यांनी पुरुषांचा संघ जिंकवला त्याच वेळी, महिलांच्या संघाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या कोच याच. ३८ हंगामांत आठ अजिंक्यपदे आणि १०९८ विजय त्यांच्या नावावर आहेत. आणि ज्या ज्या मुलीने त्यांच्याकडे आपली पूर्ण मुदत भरली, ती प्रत्येक पदवीधर होऊन बाहेर पडली. या एका वाक्यापुढे मला आठ अजिंक्यपदेही लहान वाटतात.

नाइट यांचा कडकपणा आणि समिट यांचा कडकपणा यांत फरक काय, असे कोणी विचारील. बाईंच्या मुलींना नियम आधी ठाऊक असे, आणि तो मोडला तर पुढे काय होणार हेही ठाऊक असे. नाइट यांच्या मुलांना आज काय होईल ते ठाऊक नसे. कडक उन्हाची सवय होते. विजेची होत नाही. २०११ साली, एकोणसाठाव्या वर्षी, स्मृती हरवत जाणारा अल्झायमरचा आजार आपल्याला झाल्याचे समिट यांनी स्वतः जाहीर केले, आणि तशातही एक पूर्ण हंगाम संघ सांभाळला. २०१६ साली त्या वारल्या.

चौथे आणि शेवटचे गुरू डीन स्मिथ. जन्म १९३१, कॅन्ससमध्ये. बाप शाळेत कोच. त्या बापाने १९३४ साली विरोध न जुमानता आपल्या संघात एका काळ्या मुलाला खेळविले होते. मुलगा पुढे फॉग ॲलनचा शिष्य झाला. म्हणजे नेस्मिथचा ॲलन आणि ॲलनचा स्मिथ, अशी ही सरळ परंपरा. १९६१ साली ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. १९६५ च्या जानेवारीत संघ हरून परत आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा करून झाडाला फासावर लटकावला होता. गाडीतून उतरून तो खाली ओढणारा त्यांचाच एक खेळाडू होता. स्मिथ तेथेच राहिले, आणि १९९७ साली निवृत्त झाले तेव्हा ८७९ विजय आणि दोन अजिंक्यपदे त्यांच्या पदरी होती.

यांची रीत काय? टोपलीत चेंडू टाकणाऱ्याने आधी चेंडू देणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवायचे, म्हणजे माझ्या गुणाचा धनी तो आहे, हे हजारो लोकांना कळते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, की त्याला बाहेर घेत. दम घेऊन झाला की परत जाण्याची वेळ त्याची त्याने सांगायची. दमणे ही लाजेची गोष्ट नाही, दमून लपविणे ही आहे, असा त्याचा अर्थ. मायकेल जॉर्डनसारखा जगप्रसिद्ध खेळाडूही याच नियमांत वाढला. १९५८ साली ते त्या गावी आले, त्यानंतर थोड्याच काळात, मुख्य कोच होण्यापूर्वी, गोऱ्यांसाठीच राखलेल्या एका खाणावळीत आपल्या धर्मोपदेशकाबरोबर एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन ते जेवायला गेले. पुढे चार्ली स्कॉट याला आणून विद्यापीठातली ती रेघही त्यांनी पुसली. खाणावळीची गोष्ट मात्र त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. कोणा पत्रकाराने ती शोधून काढली, तेव्हा योग्य ते केल्याचा अभिमान कसला बाळगायचा, असे त्यांचे म्हणणे पडले.

तर श्रोतेहो, चौघेही जिंकले. त्यामुळे धाकाने जिंकता येते की मायेने, हा वाद निकालाच्या तक्त्यावरून सुटणारा नाही. माझ्या मते पाहायचे ते दुसरेच. मूल चुकते त्या क्षणी गुरू काय करतो? वुडन बरोबर काय ते दाखवीत. समिट आधी ठरलेला नियम लावीत. स्मिथ चुकलेल्याला सोबत्यांत सांभाळून घेत. नाइट यांनाही शिकवता येत होते, चौघांत कदाचित सर्वांत अधिक. पण राग आला की विद्या मागे राही आणि हात पुढे येई. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे बंद केले आहे. छडी गेली, आता शिकवायचे कशाने, असे विचारणाऱ्या मास्तरांनी त्या २३२६ नोंदी ध्यानात ठेवाव्यात. एखाद दिवशी वर्गात आपण किती वेळा रागावलो, किती वेळा शाबास म्हणालो, आणि किती वेळा खरोखर काही सांगितले, हे कागदावर मांडून पाहावे. त्याला खर्च काही नाही.

स्मिथ यांचीही स्मृती अखेरच्या वर्षांत गेली होती. २०१५ च्या फेब्रुवारीत ते वारले. महिनाभराने त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे १८० जुन्या खेळाडूंच्या घरी टपालाने एक-एक पाकीट आले. मृत्युपत्रात त्यांनी प्रत्येकासाठी २०० डॉलर ठेवले होते: कोचकडून एक वेळ बाहेर जेवून या, म्हणून. त्या यादीत जॉर्डनही होता, आणि पाहणाऱ्यांना ज्यांची नावे आठवत नाहीत असे कितीतरी होते. रक्कम सर्वांना सारखीच होती.